सहा महिन्यांची खिंड : प्रस्तावना

हेपॅटायटिस बीच्या विषाणूने यकृत पोखरून झाल्यावर, पोटात पाणी साठल्यावर, डोळे पिवळे पडल्यावर, एखादी रक्ताची उलटी होऊन गेल्यावर विषाणूविरोधी गोळी सुरू करण्यात काही अर्थ असतो का? हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारतात, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर विचारतात आणि एम.डी.चे विद्यार्थीही विचारतात. तीस वर्षांपूर्वी त्याचे प्रामाणिक उत्तर ‘फारसा नाही’ असे होते. आज ते ‘आहे, आणि गोळी आजच सुरू करा’ असे आहे. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात काय घडले, कोणत्या पुराव्यावर घडले आणि अजून काय घडायचे आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक यकृतरोगतज्ज्ञांपुरते नाही. ज्याला रक्ताचा रिपोर्ट वाचता येतो, किंवा घरात आजार असल्यामुळे वाचायला शिकावे लागले आहे, अशा कोणत्याही वाचकाचे इथे स्वागत आहे. या क्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला जी आधारभूत माहिती हाताशी लागते, ती या प्रस्तावनेत देण्याचा प्रयत्न केला आहे. जाणकार ती पाने उलटून पुढे गेले तरी चालेल. मात्र लॅमिव्हुडिन या औषधाच्या पहिल्या अभ्यासांबद्दल जे लिहिले आहे ते त्यांनीही वाचावे, असा आग्रह आहे. पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

यकृताची राखीव ताकद मोठी असते. त्याचा बराचसा भाग जखमांच्या वणांनी भरून गेला तरी माणूस शेतात राबतो, लोकलचा प्रवास करतो, सणासुदीला पोटभर जेवतो. सिरॉसिस झालेला असतो, पण यकृत कसेबसे सांभाळून नेत असते. या अवस्थेला डॉक्टर ‘कॉम्पेन्सेटेड’ म्हणतात. मग एके दिवशी ही शिल्लक संपते. वणांमुळे यकृतातून रक्त वाहायला अडथळा होतो, आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, पोटात पाणी उतरते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होतो. यकृताने गाळून टाकायची द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात आणि काल नीट बोलणारा माणूस आज दिवस कोणता ते विसरतो. यांपैकी एकही घटना घडली की सिरॉसिस ‘डीकॉम्पेन्सेटेड’ झाला. औषधे नव्हती त्या काळातील आकडे या दोन अवस्थांमधले अंतर दाखवतात. हेपॅटायटिस बीच्या कॉम्पेन्सेटेड सिरॉसिसमध्ये पाच वर्षांनी सुमारे ८४ टक्के रुग्ण जिवंत असत. डीकॉम्पेन्सेटेड झाल्यावर तेच प्रमाण १४ ते ३५ टक्क्यांवर येई.

ही अवस्था मोजण्यासाठी दोन मोजपट्ट्या वापरतात आणि पुस्तकात त्या पानोपानी भेटतील. चाइल्ड-प्यू गुणांकात बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींना गुण देतात. ५ ते ६ गुण म्हणजे ए, ७ ते ९ म्हणजे बी आणि १० ते १५ म्हणजे सी. दुसरी पट्टी मेल्ड. मेयो क्लिनिकमध्ये पॅट्रिक कामथ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ती यकृताच्या सर्व प्रकारच्या जुनाट आजारांसाठी मांडली. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) या तीन तपासण्यांवर ती उभी आहे. पहिल्या पट्टीत डॉक्टरच्या हाताचा आणि नजरेचा भाग आहे, दुसरीत नाही. आमच्या मते नवशिक्याने दोन्ही मोजाव्यात आणि पहिली स्वतःच्या हाताने मोजावी.

आता विषाणूकडे वळू. बारूख ब्लुमबर्ग हे अमेरिकी संशोधक माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत वंशपरत्वे काय फरक असतात ते शोधत होते. कावीळ त्यांच्या मनातही नव्हती. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. वारंवार रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्ताशी त्याची प्रतिक्रिया होत होती. १९६५ साली त्यांनी हे ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ प्रसिद्ध केले. ते हेपॅटायटिसच्या विषाणूचे आवरण आहे, हे त्यानंतरच्या काही वर्षांत उलगडले. आज जी एचबीएसएजी तपासणी गल्लीतल्या लॅबमध्येही होते, तिचा हा उगम. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

उपचार समजून घ्यायचा तर या विषाणूच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तो स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. संसर्ग झालेल्या पेशी शोधून मारण्याचे काम शरीराची प्रतिकारशक्ती करते आणि वर्षानुवर्षे चाललेल्या त्या झटापटीतून वण तयार होतात. दुसरी, हा डीएनए विषाणू असला तरी नवी प्रत काढताना तो आधी आरएनए बनवतो आणि त्यावरून उलट्या दिशेने डीएनए लिहितो. समर्स आणि मेसन यांनी १९८२ साली बदकांमधल्या अशाच विषाणूवर हे दाखवून दिले. उलट लेखन एचआयव्हीही करतो, म्हणून एकासाठी शोधलेली औषधे दुसऱ्याच्या कामी आली. तिसरी गोष्ट सगळ्यांत चिवट आहे. विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात एका बंद वर्तुळाच्या रूपात जाऊन बसतो. याला सीसीसी-डीएनए म्हणतात. आजच्या गोळ्या नवीन प्रती काढणे थांबवतात, पण या वर्तुळाला त्या हात लावू शकत नाहीत. गोळी बंद केली की तिथूनच पुन्हा छपाई सुरू होते. रुग्ण ‘किती दिवस घ्यायची?’ असे विचारतो, त्याचे उत्तर या वर्तुळात आहे.

पहिले औषध इंटरफेरॉन. अमेरिकेत १९९२ साली त्याला हेपॅटायटिस बीसाठी मान्यता मिळाली. ते प्रतिकारशक्तीला चेतवते आणि चेतलेली प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडते. ज्याच्या यकृतात शिल्लक आहे त्याला हा तडाखा सोसतो आणि काहींना त्यातून कायमचा फायदाही होतो. ज्याची शिल्लक संपली आहे त्याचे यकृत त्याच तडाख्याने कोसळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हूफनॅगल यांच्या गटाने नव्वदीच्या सुरुवातीला अशा रुग्णांवर काळजीपूर्वक प्रयोग केले. काहींना लाभ झाला, पण गंभीर जंतुसंसर्ग आणि यकृताचे झटके इतके आले की पुढे डीकॉम्पेन्सेटेड सिरॉसिसमध्ये इंटरफेरॉन वर्ज्य ठरले. ते आजही वर्ज्य आहे. प्रत्यारोपणाची वाटही त्या काळी अरुंद होती, कारण नव्या यकृतात विषाणू पुन्हा शिरे आणि काही महिन्यांत तेही खराब करी. फ्रान्समधील सॅम्युएल आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दीर्घकाळ इम्युनोग्लोब्युलिन देऊन हा परतणारा संसर्ग रोखता येतो हे दाखवले, तेव्हा कुठे ती वाट रुंद झाली.

अशा वेळी लॅमिव्हुडिन आले. एचआयव्हीसाठी ते १९९५ पासून वापरात होते, हेपॅटायटिस बीसाठी अमेरिकेत १९९८ च्या डिसेंबरात मान्य झाले. ही रोज एक गोळी प्रतिकारशक्तीला डिवचत नाही. विषाणूच्या उलट-लेखक एन्झाइमला खोटे अक्षर पुरवते आणि प्रत अर्धवट सोडायला लावते. दुष्परिणाम अगदी कमी. म्हणजे ज्याला इंटरफेरॉन देता येत नाही त्याला हे देता येईल. पण देऊन उपयोग काय, वण तर पडलेलेच आहेत, अशी शंका जाणत्यांनाही होती.

कॅनडात झाँ-पिएर व्हिलनव्ह आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांना हे औषध दिले आणि निकाल २००० साली प्रसिद्ध केला. त्यांतले २५ जण चाइल्ड-प्यू सी गटातले होते. पहिल्या सहा महिन्यांत पाच जण दगावले आणि सात जणांचे प्रत्यारोपण झाले. उरलेल्या २३ जणांनी किमान सहा महिने गोळी घेतली. त्यांपैकी २२ जणांचा गुणांक किमान दोन अंशांनी सुधारला आणि सरासरी दहाच्या वरून साडेसातपर्यंत उतरली. कोणाचे पोटातले पाणी आटले, कोणाचे अल्ब्युमिन वाढले. ज्या यकृताला जगाने संपलेले मानले होते ते पुन्हा कामाला लागले होते.

हा अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही त्याचे महत्त्व आम्हाला फार वाटते, कारण आशा आणि तिची अट ही दोन्ही त्याच्या एकाच कोष्टकात आहेत. सहा महिने पार करणारे जवळजवळ सगळे सुधारले, आणि ते पार न करू शकलेल्यांना औषधाने वाचवले नाही. दोन वर्षांनी मिशिगनच्या रॉबर्ट फॉन्टाना यांनी लॅमिव्हुडिन घेतलेल्या उत्तर अमेरिकेतील १५४ रुग्णांची हकीकत मांडली, तीत हेच चित्र आणखी ठळक झाले. एकूण ३२ मृत्यू झाले आणि त्यांतले २५ पहिल्या सहा महिन्यांतले होते. जे सहा महिने जगले त्यांच्यापैकी तीन वर्षांनीही सुमारे ८८ टक्के जिवंत असतील असा अंदाज निघाला. लवकर कोण दगावेल हे सांगणाऱ्या गोष्टी तीन होत्या : उपचाराआधीचे वाढलेले बिलिरुबिन, वाढलेले क्रिएटिनिन आणि रक्तात विषाणूची मोजता येण्याइतकी मोठी संख्या.

असे का होते, हे समजले की या क्षेत्राचे मर्म हाती येते. औषधाचा वेग आणि यकृताचा वेग वेगवेगळा आहे. गोळी सुरू केल्यावर रक्तातील विषाणू काही आठवड्यांत हजारो पटींनी घटतो. पण जळजळ शमायला, मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी यायला, त्यांनी पुरेसे अल्ब्युमिन बनवायला, पोर्टल शिरेतला दाब उतरायला तीन ते सहा महिने जातात. एकटे अल्ब्युमिन घेतले तरी रक्तातले जुने अल्ब्युमिन निम्मे व्हायला जवळपास तीन आठवडे लागतात, त्यामुळे आतली सुधारणा रिपोर्टात उमटायलाही वेळ लागतो. या मधल्या काळात रुग्ण पूर्वीइतकाच नाजूक असतो. पोटातल्या पाण्यात जंतू शिरू शकतात, शिरा फुटू शकतात, मूत्रपिंडे थकू शकतात. ही सहा महिन्यांची खिंड लढवायची असते ती गोळीच्या जोडीने इतर सगळ्या उपायांनी : मिठावर नियंत्रण, लघवी वाढवणारी औषधे, एंडोस्कोपीतून शिरांचे बँडिंग, पोटातल्या पाण्याची वेळेवर तपासणी, भ्रम टाळण्यासाठी लॅक्ट्युलोज, पुरेसे प्रथिन आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे. ज्याचे बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन चढतच आहे त्याचे नाव प्रत्यारोपणासाठी त्याच आठवड्यात नोंदवावे, गोळीचा परिणाम पाहत थांबू नये. या पुस्तकाची सर्वांत मोठी प्रकरणे याच सहा महिन्यांवर आहेत, आणि ती आम्ही हेतुपुरस्सर मोठी ठेवली आहेत.

लॅमिव्हुडिनचा पुरावा पक्का झाला तो तैवानच्या युन-फान लिआव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आशियाई चाचणीत. ६५१ रुग्ण, सर्वांच्या यकृतात पुढच्या टप्प्यातले वण किंवा सिरॉसिस, पण अजून शिल्लक राखून असलेले. २००४ साली निकाल आला. आजार पुढे सरकण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ७.८ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत १७.७ टक्के होते. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यानंतर सिरॉसिस झालेल्या रुग्णाला खोटी गोळी देऊन पाहत बसणे नीतीला धरून राहिले नाही. डीकॉम्पेन्सेटेड रुग्णांवर मोठी प्लासिबो-चाचणी कुठेच का सापडत नाही, असे विद्यार्थी विचारतात. कारण हे आहे.

पण त्याच चाचणीने एक धोकाही दाखवला. औषध घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के जणांत विषाणूने आपल्या एन्झाइमचा आकार किंचित बदलून घेतला होता आणि लॅमिव्हुडिन तिथे चालेनासे झाले होते. चांगल्या यकृताच्या माणसात असा बदल झाला तर यकृताच्या एन्झाइमचे (एएलटीचे) आकडे चढतात, डॉक्टर औषध बदलतात. शिल्लक नसलेल्या यकृतात तोच बदल एका झटक्यात वर्षभराची कमाई घालवतो. अनेकांच्या बाबतीत तसे झाले. २००२ मध्ये आलेले अडेफोव्हिर या प्रतिरोधी विषाणूवर चाले, पण संथपणे, आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडे. ज्या रुग्णाची मूत्रपिंडे आधीच काठावर आहेत त्याला ते देताना डॉक्टरचा हात अडखळत असे.

एन्टेकाव्हिर २००५ मध्ये मान्य झाले आणि टेनोफोव्हिर हेपॅटायटिस बीसाठी २००८ मध्ये. दोन्ही औषधांचा जोर मोठा आणि त्यांच्यापुढे विषाणूला रूप बदलून निसटणे अवघड. पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या रुग्णात एन्टेकाव्हिरला पाच वर्षांत प्रतिरोध निर्माण होण्याचे प्रमाण १.२ टक्के आहे. पूर्वी लॅमिव्हुडिन चालेनासे झालेल्या रुग्णात मात्र तेच सुमारे ५१ टक्के होते. म्हणून रुग्णाने आधी कोणती गोळी किती काळ घेतली होती हे खोदून विचारावे लागते, जुन्या फायली मागवाव्या लागतात, आणि लॅमिव्हुडिनचा इतिहास निघाला तर टेनोफोव्हिर निवडावे लागते. डीकॉम्पेन्सेटेड सिरॉसिसमध्ये एन्टेकाव्हिरची मात्रा नेहमीच्या अर्ध्या मिलिग्रॅमऐवजी रोज एक मिलिग्रॅम असते आणि ती रिकाम्या पोटी घ्यायची असते. ही साधी बाब चिठ्ठीवर लिहायची राहून जाते, म्हणून इथेच नोंदवतो. टेनोफोव्हिरचा मूळ प्रकार, टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल, घेणाऱ्याचे क्रिएटिनिन आणि फॉस्फेट पाहत राहावे लागते. २०१६ साली आलेला टेनोफोव्हिर ॲलाफेनामाइड हा प्रकार मूत्रपिंडांना आणि हाडांना सौम्य आहे, मात्र डीकॉम्पेन्सेटेड रुग्णांतला त्याचा अनुभव जुन्या दोघांच्या तुलनेने कमी आहे. एन्टेकाव्हिरबद्दल एक इशारा जर्मनीतून २००९ मध्ये आला. सिरॉसिसच्या १६ रुग्णांपैकी पाच जणांच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड धोकादायक पातळीपर्यंत वाढले आणि त्या पाचही जणांचा मेल्ड २० किंवा त्याहून अधिक होता. नंतरच्या मोठ्या अनुभवात हे क्वचितच दिसले. तरीही अत्यवस्थ रुग्णाला धाप लागली तर लॅक्टेट पाहायला विसरू नये.

आपल्या देशातला एक लहानसा अभ्यास इथे आवर्जून सांगायला हवा. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात गर्ग, सरीन आणि सहकाऱ्यांनी विषाणू अचानक उसळून यकृत निकामी होऊ लागलेल्या २७ रुग्णांना टेनोफोव्हिर किंवा प्लासिबो दिले. तीन महिन्यांनी टेनोफोव्हिरच्या १४ पैकी आठ जण जिवंत होते आणि प्लासिबोच्या १३ पैकी दोन. २०११ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत विषाणू शंभर पटींहून अधिक घटला तर जगण्याची शक्यता वाढते, हेही त्यात दिसले. आकडे लहान आहेत, पण अर्थ मोठा आहे. डीएनएचा रिपोर्ट येईपर्यंत आठवडा घालवणे परवडत नाही. रक्ताचा नमुना घेऊन झाला की त्याच दिवशी पहिली गोळी द्यावी. अशा रुग्णात विषाणूची संख्या किती आणि एएलटी किती यावर उपचाराचा निर्णय अडवू नये, हे आता जागतिक मार्गदर्शनानेही मान्य केले आहे.

या सगळ्यातून गेल्या काही वर्षांत एक नवी संकल्पना रुजली आहे. तिचे नाव रीकॉम्पेन्सेशन. पोर्टल दाबाच्या अभ्यासकांच्या बावेनो परिषदेने २०२१ मध्ये तिची व्याख्या केली. आजाराचे मूळ कारण दूर झालेले किंवा दबलेले असावे, किमान वर्षभर लघवीच्या औषधाशिवाय पोटात पाणी नसावे, लॅक्ट्युलोज किंवा रिफॅक्सिमिन न घेता भ्रम नसावा, रक्तस्राव पुन्हा झालेला नसावा आणि अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर टिकाऊपणे सुधारलेले असावेत. अटी कडक आहेत आणि त्या तशाच असाव्यात. चीनमध्ये जलोदर झालेल्या रुग्णांना एन्टेकाव्हिर देऊन १२० आठवडे पाहिले गेले. हा काळ पूर्ण करणाऱ्या २८३ जणांपैकी ५६.२ टक्के या अटींत बसले. अर्थात यात खिंड पार केलेल्यांचीच गणती आहे, हे वाचकाने विसरू नये. कोरियात पहिल्यांदाच डीकॉम्पेन्सेटेड झालेल्या ७०७ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. पाच वर्षे प्रत्यारोपणाशिवाय जगण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५९.७ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४६ टक्के होते. प्रत्यारोपणाच्या यादीतून बरे होऊन नाव काढून घेणारे रुग्ण या आजारात आता दिसतात. वणांबद्दलही मत बदलावे लागले आहे. टेनोफोव्हिर पाच वर्षे घेतलेल्यांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ पैकी ७१ जणांत तो उरला नव्हता. ते रुग्ण डीकॉम्पेन्सेटेड नव्हते, हे मात्र लगेच जोडून सांगितले पाहिजे.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या आहेत. कर्करोगाचा धोका गोळीने कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून पोट सपाट झाले, भूक लागली, रुग्ण कामावर गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी चुकवायची नाही. दारू चालू असेल तर गोळीचे निम्मे काम वाया जाते. हेपॅटायटिस डीचा जोडसंसर्ग असेल तर या गोळ्या त्याला रोखत नाहीत, त्यामुळे बीचा विषाणू दबूनही यकृत खालावत असेल तर त्याची तपासणी करावी. आणि बरे वाटते म्हणून गोळी थांबवणे ही या आजारातली सर्वांत घातक गोष्ट. सीसीसी-डीएनए तिथेच असते, आणि थांबवल्यानंतरची उसळी शिल्लक नसलेल्या यकृताला पेलत नाही. सिरॉसिस नसलेल्या काही निवडक रुग्णांत औषध थांबवण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांचे निष्कर्ष इथे लागू करू नयेत.

औषध परवडेल का, हा प्रश्न आपल्याकडे एकेकाळी पहिला होता. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने लॅमिव्हुडिनचा समावेश असलेला एचआयव्हीचा तिहेरी उपचार वर्षाला ३५० डॉलर इतक्या कमी किमतीत देऊ केला आणि औषधांच्या किमतीविषयीची जगाची समजूतच बदलली. त्या बदलाचा लाभ हेपॅटायटिस बीच्या रुग्णांनाही झाला. आज एन्टेकाव्हिर आणि टेनोफोव्हिर दोन्ही भारतात बनतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. अडचण आता आजार उशिरा कळण्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हेपॅटायटिस बीचा जुनाट संसर्ग होता, त्यांतले सुमारे २.९८ कोटी भारतात. जगभरात यांपैकी फक्त १३ टक्के लोकांना आपल्या संसर्गाची माहिती होती आणि सुमारे ३ टक्के उपचार घेत होते. आपल्याकडे कावीळ दिसली की घरचे माणसाला काविळीची माळ घालणाऱ्याकडे किंवा झाडपाल्याकडे नेतात. त्यामागे प्रेम असते आणि वर्षानुवर्षांची सवय असते. साधी कावीळ आपोआप उतरते, म्हणून ती सवय टिकते. माळेत आणि झाडपाल्यात जाणाऱ्या त्या आठवड्यांत एचबीएसएजीची तपासणी झाली तर पुढचा सगळा प्रवास बदलतो. गावातल्या डॉक्टरने आणि आशाताईंनी हे भांडून नव्हे तर विश्वासाने घरच्यांना पटवावे, यासाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे. त्याच प्रकरणात रुग्णाची भावंडे, जोडीदार आणि मुले यांची तपासणी व लसीकरण यांचाही विचार आहे. खिंडीत सापडलेला एक रुग्ण समोर येतो तेव्हा त्याच घरात शिल्लक राखून असलेले एक-दोन जण बहुधा असतात, आणि त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचता येते.

तरुण वाचकांना एक विनंती आहे. वर सांगितलेले बहुतेक मोठे अभ्यास पूर्व आशियातले आहेत. तिथे विषाणूचे बी आणि सी हे जनुकीय प्रकार अधिक आढळतात, आपल्याकडे मुख्यतः ए आणि डी. रीकॉम्पेन्सेशन झालेल्या भारतीय रुग्णाचे पुढे दहा वर्षांनी काय होते, त्याच्या शिरांची एंडोस्कोपी कधी थांबवता येते, पोर्टल शिरेतला दाब उतरवणारे बीटा-ब्लॉकर कधी सोडता येते, त्याला कर्करोगाचा धोका नेमका किती उरतो, या प्रश्नांना आपल्या रुग्णांवरून दिलेली उत्तरे हवी आहेत. सीसीसी-डीएनएवर किंवा विषाणूच्या आरएनएवर रोख धरणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्यांतून डीकॉम्पेन्सेटेड रुग्णांना बहुतेक वेळा वगळले जाते, त्यामुळे तिकडूनही लवकर उत्तर येणार नाही. ही माहिती जमवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या गोळीची तारीख, त्या दिवशीचे बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर, अल्ब्युमिन आणि व्हायरल लोड, पूर्वी घेतलेली औषधे, दारूचा खरा हिशोब, आणि मग दर तीन महिन्यांची नोंद. एवढी वही जिल्हा रुग्णालयातही ठेवता येते. शेवटच्या प्रकरणात तिचे रकाने आखून दिले आहेत, ते जसेच्या तसे उतरवून घ्यायला हरकत नाही.